नळीतलं आभाळ

"काय दिसलं?" मी विचारलं.

शाळेच्या ओसरीच्या पायरीवर वैजयंती एक गुडघा टेकून बसली होती. रायफलची नळी आभाळाकडे वळवलेली आणि नळीच्या मागच्या टोकाला तिचा उजवा डोळा. समोरच्या सड्यावरचं, त्या उघड्या कातळमाळावरचं धुकं हळूहळू उठत होतं, काजूची झाडं एकेक करून उगवल्यासारखी दिसू लागली होती. बाकीच्या मुली आपापली रायफल पुसून चहाच्या वासाकडे बघत होत्या.

"अर्धी घार, उस्ताद," ती शेवटी म्हणाली.

"उरलेली अर्धी कोणी खाल्ली गो?" फिलोमिनानं विचारलं आणि सगळ्या हसल्या.

वैजयंती हसली नाही. तिनं डोळा नळीला पुन्हा लावला, थोडी थांबली आणि म्हणाली, "आता गेली."

मी वर पाहिलं. धुक्याच्या वर, फार उंच, एक घार खरोखरच गोल फिरत होती.

दसरा होऊन गेला होता. शाळेला सुट्टी होती आणि आमचं कॅडेट मुलींचं शिबिर त्या शाळेत भरलं होतं. मी पलटणीतून शिकवायला आलेला हवालदार, हिंदुराव माने, पण नावानं मला कोणी हाक मारत नसे. मुलींसाठी मी उस्ताद होतो. माझ्या वर सुभेदार साळुंखे साहेब. आमच्याकडे दहा रायफली होत्या, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत चढवणाऱ्या, मात्र दर गोळीला बोट नव्यानं दाबायला लावणाऱ्या. मुली कोकणातल्या होत्या, शेतातल्या आणि खाडीवरच्या. बहुतेकींनी रायफल त्याआधी फक्त चित्रात पाहिलेली.

नवख्याच्या हातात रायफल दिली की त्याला पहिल्यांदा ती उडवायची असते. मी आधी पुसायला शिकवतो. मॅगझिन काढायचं. खटका मागे ओढून आत गोळी नाही ना ते डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, कारण डोळे घाईत असतात आणि करंगळीला घाई नसते. मग बाजूची कळ दाबली की ही रायफल मधोमध मोडते, अगदी अडकित्त्यासारखी. हा अडकित्ता सांगितला की कोकणातल्या मुलींची भीती निम्मी कमी व्हायची. मग गोळीच्या पाठीशी बसणारा लोखंडी ठोकळा मागे ओढून काढायचा आणि जवळ कापडावर ठेवायचा. तो ठोकळा आपल्या नजरेसमोर बाहेर आहे तेव्हाच नळीला डोळा लावायचा, एरवी कधीही नाही. पुढे वरच्या बाजूला गॅसची लहान नळी असते. तिच्यातली दांडी आणि स्प्रिंग काढून काजळी पुसायची आणि ती कोरडीच ठेवायची. तेल लावलं तर धुराशी मिळून तिथं डांबर होतं.

नळीसाठी दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी. वजन मागून सोडायचं, ते पुढून बाहेर पडलं की दोरी एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही, तिरकी ओढायची नाही. चिंधी काळी आली की दुसरी घ्यायची. पांढरी घातलेली चिंधी पांढरीच बाहेर आली की तेलाची एक चिंधी फिरवायची. फायरिंगच्या दिवशी मात्र तेल पुसून नळी कोरडी करायची.

आणि मग, सगळं झालं की, नळीतून आभाळ बघायचं.

नळीच्या आत आटे असतात, लांब, एकाच बाजूला वळत गेलेले. मागून डोळा लावला की उजेड त्या आट्यांवरून गोल गोल उतरत खाली येतो आणि पलीकडच्या टोकाला बटणाएवढं आभाळ असतं. कचऱ्याचा कण असेल तर तो चंद्रावरच्या डागासारखा दिसतो. मी मुलींना सांगायचो, नळी साफ आहे असं मला सांगू नका. आभाळात काय दिसलं ते सांगा.

आता मी गावी असतो. भरतीची तयारी करणारी पोरं येतात, त्यांच्या मागे त्यांची धाकटी भावंडंही. रायफल कुठली आणणार, मी चुलीची फुंकणी हातात देतो. ती धुतात, पुसतात, आभाळाला लावतात आणि मी विचारतो, काय दिसलं. फुंकणी डोळ्याला लावल्यावर लहान पोर जसं एकदम गप्प होतं, तशी वैजयंती त्या शिबिरात गप्प व्हायची.

तिला वेळ लागायचा, हीच अडचण होती. साळुंखे साहेब हातात घड्याळ घेऊन उभे राहत. रायफल खोलायची, जोडायची, कोण किती लवकर ते बघत. शिबिराच्या शेवटी फायरिंग होतं आणि फायरिंगमधूनच स्पर्धेसाठी मुली निवडायच्या होत्या. दारूगोळा मोजका. हळू हाताच्या मुलींवर तो घालवायला साहेब तयार नव्हते. वैजयंतीकडे बघून ते मला म्हणाले होते, "हिंदुराव, ही पोरगी रायफल पुसते की तिची वेणी घालते?"

मी म्हणालो होतो, "साहेब, तिची नळी बघा एकदा."

साहेबांनी नळी बघितली नाही. त्यांना घड्याळ दिसत होतं.

फायर करायला मिळावं म्हणून ती मुलगी किती आतुर होती, हे मला ठाऊक होतं. एकदा चिंध्या वाळत घालताना मी तिला सहज विचारलं, घरी बंदूक आहे का. ती म्हणाली आहे, आजोबांची, ठासणीची. रानडुकरं भातात उतरतात म्हणून परवाना आहे. मग तू कधी उडवली असशील, मी म्हटलं. ती मान खाली घालून म्हणाली, नाही, मुलीच्या हातात कोण देतो. भाऊ उडवतात. "माझं काम वेगळं असतं, उस्ताद." कसलं काम ते तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. पण निवड झाली तर आजोबांना सांगायचं आहे, एवढं ती म्हणाली. चिंधीच्या कडेवर बोट फिरवत, फार हळू.

फिलोमिनाचं उलट होतं. तिचे हात पाण्यासारखे चालायचे. साहेबांच्या घड्याळात ती नेहमी पहिली. आभाळाच्या प्रश्नाला तर तिची उत्तरं ऐकायला मुली थांबायच्या. कधी तिला नळीत माशांचा थवा दिसे, कधी शिट्टी वाजवणारा कंडक्टर, कधी तिच्या मावशीचा हरवलेला कोंबडा. मलाही हसू यायचं. रायफलीची भीती घालवायची तर हसू लागतंच. हळूहळू बाकीच्या मुलीही काहीबाही सांगू लागल्या. राजपुत्र आला, विमान आलं, एकीला तर परीक्षेचा पेपर दिसला. फक्त वैजयंती कधी ढग, कधी कोरा उजेड, कधी अर्धी घार, असंच काहीतरी साधं सांगायची आणि मुली तिला म्हणायच्या, तुला काहीच कसं सुचत नाही गो.

फायरिंगच्या आदल्या दिवशी दुपार कलली तसा परतीचा पाऊस आला. आधी नुसता वास आला, मग सड्यावरून पांढरा पडदा चालत येताना दिसला. रायफली एका वर्गात लाकडी घोडीवर उभ्या ठेवलेल्या असत, दाराला कुलूप आणि बाहेर पहारा. त्या वर्गाचं एक कौल सरकलेलं होतं. पाण्याचा थेंब घोडीच्या कडेला पडू लागला, अगदी वैजयंतीच्या रायफलीशेजारी. ती रायफल सगळ्यांना ओळखू यायची. तिच्या दस्त्याच्या लाकडात काजूच्या बीसारखी एक गाठ होती.

वैजयंती माझ्याकडे आली. रायफल ओली होईल, पुसून येऊ का, म्हणाली. मी कुलूप काढलं. मी बाकावर चढून कौल सरकवत होतो, खाली ती एकटी पुसत होती. पाऊस कौलांवर वाजत होता आणि वर्गात सगळं हिरवं, पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. फळ्यावर कुणीतरी काढलेली होडी पुसायची राहून गेली होती. ती त्या रायफलीशी काहीतरी पुटपुटत असावी असं मला वाटलं. मी खाली उतरलो तेव्हा तिनं रायफल परत घोडीवर ठेवली होती. घोडीही तिनं भिंतीपासून सरकवून घेतली होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, उस्ताद. आता उद्या मीच काढीन."

रायफल घोडीवरून काढीन, असं ती म्हणतेय असं मला वाटलं.

सकाळ उजाडली ती वेगळीच. धुकं नव्हतं. पावसानं आभाळ असं धुऊन काढलं होतं की चिंधीभरही ढग कुठे शिल्लक नव्हता. आमची फायरिंगची जागा म्हणजे एक जुनी चिरेखाण. चिरे काढून काढून जमिनीत मोठा चौकोनी खड्डा झालेला, एका बाजूला तांबडी भिंत आणि तिच्यामागे डोंगर. त्या भिंतीच्या पायथ्याशी खंदक खणला होता. खंदकात बसून मुली वर काठीवर निशाण्याचे कागद धरायच्या आणि गोळी कुठे लागली ते खूण करून दाखवायच्या. खंदकातून लाल झेंडा वर आला की फायरिंग बंद, हा नियम. झेंडा वर असेपर्यंत कोणी रायफलीला हात लावायचा नाही.

न्याहारी होते न होते तोच साहेबांनी कामं वाटली. हळू हाताच्या मुली खंदकात. वैजयंतीचं नाव त्यांनी आधी घेतलं. शेवटी गोळ्या उरल्या तर बघू, असंही म्हणाले, पण ते कसं म्हटलं जातं ते सगळ्यांना कळत होतं. तिनं काही विचारायला तोंड उघडलं, साहेबांनी घड्याळ दाखवलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मी मानेनं जा म्हणालो. रडू नको, अजून दिवस आहे, एवढंच तिला सांगावं असं माझ्या मनात होतं. कागदांची गुंडाळी काखेत घेऊन ती इतरांबरोबर खाणीत उतरत गेली आणि तांबड्या मातीत तिचं डोकं तेवढं काही वेळ दिसत राहिलं.

रायफली मी वाटल्या. काजूच्या गाठीची रायफल फिलोमिनाच्या वाट्याला आली. दोरी घालायला वेळ नव्हता, मुलींनी त्या वरवर पुसल्या. साहेबांनी शिट्टी तोंडात धरली होती. पहिल्या तुकडीच्या मुली चटयांवर बसल्या आणि मी एका टोकापासून विचारत निघालो. प्रत्येकीची रायफल मोडलेली, ठोकळा चटईवर.

"काय दिसलं?"

"पोपट, उस्ताद."

"तुला?"

"उजेड."

फिलोमिनानं रायफल उचलली, डोळ्यापाशी नेली आणि खाली ठेवली. "ढग, उस्ताद. पांढरा, बोकडासारखा."

मी हसलो आणि पुढे सरकलो. पुढच्या मुलीला विचारायला तोंड उघडलं आणि पाय तिथंच थांबला. मी मान वर केली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळं, रिकामं आभाळ.

"फिलू," मी म्हणालो, "ढग कुठाय?"

मुली हसल्या. फिलोमिनाही हसली, मग वर बघून ओशाळली. साहेबांनी शिट्टी तोंडातून काढून विचारलं, काय चाललंय. मी त्यांना हातानं थांबा म्हटलं. असा हात मी त्यांना त्याआधी कधी दाखवला नव्हता.

"परत बघ," मी म्हणालो. "या खेपेला डोळा उघडून."

तिनं नळी आभाळाकडे केली. बराच वेळ झाला. तिचा दुसरा डोळाही हळूहळू उघडला.

"उस्ताद," ती म्हणाली, "हिच्यात आभाळच नाही."

मी रायफल घेतली. आत काळोख होता, विहिरीवर कुणी फळी टाकावी तसा. मी सळी मागवली आणि मागून सरकवली. पुढच्या टोकापाशी ती अडली, मग हळूच सुटली आणि नळीच्या तोंडातून तेल लावलेल्या कापडाची एक घट्ट वळकटी माझ्या तळव्यावर पडली. करंगळीएवढीही नव्हती. आतवर दाबून बसवलेली, म्हणून बाहेरून कोणाला दिसली नसती.

नळी बंद असताना गोळी सुटली तर काय होतं, ते मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे जायला वाट नसली की तो सगळा जोर नळी फाडतो आणि तिच्या मागेच दस्त्याला गाल टेकलेला असतो. फिलोमिनानं आपल्या गालाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "झेंडा."

खंदकातून लाल झेंडा वर आला होता. तो नुसता वर नव्हता, वेड्यासारखा हलत होता. मग झेंड्याखालून वैजयंती आली. खाणीच्या लाल तळातून ती पळत येत होती, झेंडा तसाच उंच धरून. इतक्या लांबून तिच्या पळण्याचा आवाज येत नव्हता. मी मोठ्यानं सगळ्यांना रायफली खाली ठेवून मागे व्हायला सांगितलं. पाण्यातून चालावं तशी ती बराच वेळ पळतच होती, असं मला आजही वाटतं.

ती आली ती थेट माझ्या तळव्याकडे बघत. वळकटी दिसली आणि ती झेंडा धरूनच खाली बसली.

"हा बोळा कोणी घातला?" साहेबांनी विचारलं.

"मिया घातलंय, साहेब," ती म्हणाली. शिबिरात ती आमच्याशी कधी मालवणीत बोलली नव्हती.

साहेबांचा आवाज चढला नाही, तो बसला. कोणाच्या तरी घरची मुलगी आज गेली असती, ते म्हणाले. हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा, ते मला म्हणाले. ते चूक बोलत होते असं मी म्हणणार नाही.

"का घातलास, ते सांग," मी तिला म्हणालो.

ती दमानं, थांबत थांबत बोलली. घरी पावसात बंदुकीच्या तोंडात बोळा घालतात. नाहीतर कोकणची हवा एका रात्रीत नळीला गंज चढवते. आजोबा दिवेलागणीला बोळा घालतात आणि तो बाहेर दिसला तर भिजेल म्हणून आत सरकवतात. सकाळी तो काढायचं काम तिचं, ती लहान होती तेव्हापासून. काढून ती आजोबांच्या समोर नळी उजेडाला धरते आणि खडा खाली सोडून तो तळाशी पडल्याचा आवाज ऐकवते. ती हो म्हणेपर्यंत आजोबा बंदुकीला शिवत नाहीत. भाऊसुद्धा नाहीत.

"ह्याच माझा काम," ती म्हणाली. "सकाळी मीच काढतलंय होतंय. मगे साहेबांनी खंदकात धाडलानी. माका वाटला, उस्ताद विचारतत, सगळी बघतत. कोण ना कोण बघतलाच." तिनं फिलोमिनाकडे बघितलं. "मगे खंदकात आठवला. फिलू बघणा नाय. ती डोळे मिटून सांगता."

फिलोमिनाचा हात अजून गालावरच होता. ती पुढे आली.

"साहेब, ती खरं सांगते," ती म्हणाली. "मी एकदाही बघितलं नव्हतं. मला मावशीचा कोंबडा कधी दिसलाच नाही."

कुणालाच हसू आलं नाही. वाऱ्यावर झेंडा वैजयंतीच्या मांडीवर फडफडत होता. साहेब त्या दोघींकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग हातातल्या घड्याळाकडे. घड्याळ त्यांनी खिशात टाकलं. चटईवर मोडून ठेवलेली काजूच्या गाठीची रायफल त्यांनी उचलली, ठोकळा बाहेर आहे ना ते बघितलं आणि नळी वर करून मागून डोळा लावला.

पुष्कळ वेळ ते तसेच उभे होते. त्यांच्या खांद्यांत काहीतरी सैल होत गेलं. वयानं मोठा, मिशीवाला माणूस, पण फुंकणी धरलेल्या पोरासारखा गप्प.

"काय दिसलं, साहेब?" फिलोमिनानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"घार," साहेब म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. होती.

त्यानंतर त्यांनी हुकूम दिला. घरी कोणी जाणार नाही. नळीत बोळा पुन्हा कोणी घालणार नाही. आणि वैजयंती परब आता खंदकात न बसता चटयांच्या कडेला उभी राहील. प्रत्येक मुलगी फायर करण्याआधी नळी स्वतः बघेल आणि मग हिला दाखवेल. हिनं हो म्हटल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही.

त्या दिवशी फायरिंग फार सावकाश चाललं. मुलगी नळीतून बघायची, मग वैजयंती बघायची, मान हलवायची, मग शिट्टी. कोणालाच राजपुत्र दिसला नाही. कोणी म्हणे उजेड, कोणी म्हणे निळं. मधल्या वेळात खाणीत एवढी शांतता व्हायची की भिंतीवरून सुटलेला तांबडा खडा खाली पडताना ऐकू यायचा. ऊन कलू लागलं तेव्हा शेवटची तुकडी उठली आणि साहेबांनी दारूगोळ्याच्या पेटीत हात घालून बघितला.

"आहेत," ते म्हणाले. "बस गं."

वैजयंतीला आधी कळलंच नाही. फिलोमिनानं तिला खांद्याला धरून चटईवर बसवलं आणि काजूच्या गाठीची रायफल आणून तिच्या हातात दिली. नळी तिनं स्वतः पुसली होती. दोरी एका दमात ओढून, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत.

वैजयंतीनं करंगळी घालून बघितलं. कळ दाबली, रायफल मोडली, ठोकळा काढून चटईवर ठेवला. नळी वर धरली आणि डोळा लावला. साहेबांच्या हातात शिट्टी होती, ती त्यांनी तोंडाला लावली नाही. आम्ही सगळे थांबलो.

"काय दिसलं?" मी विचारलं.

घार केव्हाच निघून गेली होती. वैजयंती बघत राहिली, पुन्हा एकदा बघत राहिली.

"काय नाय, उस्ताद," ती म्हणाली. "नुसता आभाळ."